दार लावण्याचा ठराव

विषय: ज्येष्ठ कारागीर म्हणून नोंद होणेबाबत. अर्जदाराचे वर्णन पुढीलप्रमाणे. लिंग: स्त्री. वय: अर्जदाराच्या म्हणण्यानुसार साठीच्या पुढे, पुरावा निरंक. बांधा: किरकोळ. ओळखीची खूण: दोन्ही अंगठे चुना व सिमेंट यांनी झिजलेले, सबब ठसा उमटत नाही. शिक्षण: निरंक. व्यवसाय: बांधकाम मजूर, अकुशल. (अर्जदार स्वतःस गवंडी म्हणवून घेते, तथापि गवंडी या सदरात स्त्रियांकरिता रकाना नाही.) स्वभाव: हट्टी. सदर रकाना नमुन्यात नसून शेजाऱ्यांच्या आग्रहावरून जोडला आहे. शहराच्या स्थावर मालमत्तेत घातलेली कायमस्वरूपी भर: स्थळपाहणीअंती नमूद करण्यात येईल.

हे वर्णन लिहिणारा नगरपालिकेचा कारकून सज्जन माणूस आहे आणि त्यात त्याने एकही अक्षर खोटं लिहिलेलं नाही. अडचण एवढीच की हे वाचून तिला बंदरावर कोणी ओळखणार नाही. बंदरावर तिला ओळंबा म्हणतात.

ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं वजन. भिंत सरळ चढतेय की कलतेय, हे गवंडी तो टांगून बघतो. शब्द पुल्लिंगी आहे, बाई स्त्रीलिंगी. पण बंदरावर व्याकरणाची काळजी एकटे मास्तर करतात, आणि तेही निवृत्त झालेत. नाव पडलं त्याचं कारण असं. तरुणपणी एका निवडणुकीच्या सभेआधी ती व्यासपीठापाशी गेली, खिशातून दोरी काढून टांगली आणि आयोजकांना म्हणाली, "डावीकडे झुकलंय." लोकांनी ती विरोधकांची चाल समजून तिला बाहेर काढलं. व्यासपीठ काही पडलं नाही. पण भाषण संपेपर्यंत बर्फवाले मालक उजवीकडे रेलून उभे राहिले आणि सभेला आलेली माणसं भाषणाऐवजी त्यांचे पाय बघत बसली. तेव्हापासून ओळंबा.

आता बर्फवाल्या मालकांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट उभीच राहत नाही.

बंदरावर समुद्र सगळ्यांचा होता. मासळी ज्याच्या जाळ्यात येईल त्याची. बर्फ मात्र एकाचा होता. आणि बर्फ नसला की सकाळची मासळी दुपारी खत होते, ही गोष्ट मासळी मालकाची की गरिबाची हे बघून ठरत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे बर्फाचा कारखाना त्याच्याकडे हळूहळू होड्या आल्या, होड्यांमागून ट्रक आले, ट्रकांमागून भाव ठरवायचा हक्क आला आणि शेवटी नगराध्यक्षपद आपल्या पायांनी चालत घरी आलं. मालकांनी मतासाठी कधी कोणाला दम दिला नाही. निवडणूक उन्हाळ्यात यायची, तेवढं पुरायचं.

कारखान्यासमोर अंगण होतं आणि अंगणात रांग. समोरच्या खिडकीतून लाकडी घसरणीवरून बर्फाच्या लाद्या खाली यायच्या आणि पाटीवाल्या बायका, हातगाडीवाले, छोटे होडीवाले त्या पाळीपाळीने उचलायचे. लाद्या संपल्या की खिडकी बंद. कारखान्याच्या उजव्या अंगाला एक बोळ होता. बोळ आणि अंगण यांच्यामध्ये पुरुषभर उंचीहून मोठी भिंत. त्या बोळात कारखान्याला एक दार होतं. दार खरं म्हणजे बाजूला होतं. तरी सगळे त्याला मागचं दारच म्हणायचे, कारण मागचं-पुढचं हे जागेवरून ठरत नाही, तिथून कोण जातं त्यावरून ठरतं. रांगेतल्यांना ते दिसायचं नाही. त्यांना फक्त खिडकी लवकर बंद झालेली दिसायची.

मरण्याआधी ते दार कायमचं बंद झालेलं बघायचं, एवढी एकच इच्छा ओळंबाने आयुष्यात धरली. बाकीच्या बाबतीत ती समजूतदार होती. नवरा बोटीवर कामाला गेला आणि दुसऱ्या एका बंदरात संसार थाटून राहिला, तेव्हासुद्धा ती "बरं" म्हणाली आणि त्याची खोली लिंपून धाकट्या बहिणीला दिली.

कारखान्याच्या भिंतीत ते दार पहिल्यांदा पाडलं तिच्या बापाने. तो गवंडी, ही माल कालवणारी पोर. हे मान्य केलं पाहिजे की दार चांगल्या कामासाठी पडलं. त्या उन्हाळ्यात तापाची साथ होती, दवाखान्याला बर्फ हवा होता, आणि दवाखान्याचा माणूस रांगेत ताटकळायचा. मालक म्हणाले, एक दार पाडू, तात्पुरतं. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं आणि ते खरं होतं. बापाने दुपारपर्यंत दार पाडलं, चौकट बसवली, आणि खूश होऊन मालकांनी त्याच दारातून एक लादी त्याच्या डोक्यावर दिली. दवाखान्याच्या आधी. घरी धाकटी, तेव्हा अगदी लहान, त्या लादीवर गाल ठेवून झोपून गेली.

साथ गेली. दवाखाना गावाबाहेर गेला. दार राहिलं.

मग काळ बदलला, म्हणजे वरची माणसं बदलली. मालकांचा परवाना गेला, नगराध्यक्षपद गेलं, आणि कारखान्यावर सरकारने प्रशासक नेमला. प्रशासकाने पहिल्याच दिवशी बाह्या सरसावून सांगितलं, मागचं दार बुजवा. ओळंबाने बुजवलं. बाप तेव्हा गेला होता. थापी तिच्या हातात होती. दुसऱ्या उन्हाळ्यात प्रशासकाने तिला पुन्हा बोलावलं. या वेळी बाह्या खाली होत्या. वरिष्ठांकडचं कार्य होतं, पाहुणे येणार होते. "तात्पुरतं हो," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. तिने उघडून दिलं, कारण नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी वाकडं उघडलं असतं, आणि वाकडं काम तिला बघवत नाही. या गोष्टीचं तिला पुढे वाईट वाटलं नाही, पण पुन्हा असं करायचं नाही, हे तिने ठरवलं.

त्यानंतर धाकटीचा जमाना आला.

धाकटी पाटीवाली. तिला राग फार चांगला यायचा. रांगेत उभं राहून नासलेली मासळी तिने एका सकाळी उचलली आणि प्रशासकाच्या कचेरीत नेऊन त्याच्या खुर्चीवर ओतली. त्या वासावर बंदर एक झालं. संप झाला, मोर्चे झाले, प्रशासकाची बदली झाली, आणि कारखाना रांगेतल्या लोकांच्याच सोसायटीकडे आला. अध्यक्ष धाकटी. चिटणीस मास्तर, कारण अर्ज लिहायला शुद्ध हात लागतो.

सोसायटीचं पहिलं काम: मागचं दार बुजवणं. ओळंबाने या वेळी सिमेंट वापरलं, दोन्ही बाजूंनी गिलावा केला आणि दार कुठे होतं ते बोटाने चाचपूनही कळणार नाही असं काम केलं. धाकटी अंगणात उलट्या पाटीवर उभी राहून म्हणाली, "हे दार आता कधीच उघडणार नाही!" लोक ओरडले, बायका रडल्या. ओळंबा खाली बसून थापी धूत होती. तिलाही भरून आलं होतं, पण तिने तोंड वर केलं नाही.

मग दोन उन्हाळे बरे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी ओळंबा उंबऱ्यावर बसून थापीला चिकटलेला माल खरवडत होती. धाकटी आली, चप्पल काढली आणि न सांगता चहाचं आधण ठेवलं.

"कोणाचं काय मोडलं?" ओळंबाने विचारलं.

"काही नाही मोडलं. चहा करू नये का माणसाने?"

"अध्यक्षांच्या हातचा चहा प्यायची सवय नाही मला."

"झालं का तुझं सुरू?" धाकटीने कप पुढे केला आणि भिंतीला टेकून बसली. "ताई, ते मागचं दार..."

"त्याचं काय?"

"जरासं उघडावं म्हणते."

"भिंत आहे ती आता. भिंत जराशी उघडत नाही. ती असते, नाहीतर नसते."

"तात्पुरतं गं."

ओळंबाने कप खाली ठेवला. हा शब्द तिच्या वाट्याला तिसऱ्यांदा आला होता, आणि या वेळी तो धाकटीच्या तोंडून, दोघींच्या आईच्या आवाजात बोलत होता.

"कशासाठी?"

"दवाखान्याचा माणूस गावाबाहेरून येऊन रांगेत उभा राहतो, त्याची पाळी येईपर्यंत तिकडे माणूस जायचा."

"आणि?"

"भोंगाआजीचे गुडघे. रांगेत उभं राहवत नाही म्हातारीला."

"आणि?"

"ट्रकवाले म्हणतात, आम्ही घाऊक उचलतो, आम्हाला पाटीवाल्यांमागे काय उभं करता? ते दुसऱ्या बंदरात गेले तर कारखान्याला कुलूप लागेल."

"आणि?"

धाकटी जरा वेळ पदराच्या टोकाशी खेळली. "आणि समितीतली माणसं फुकट राबतात, ताई. दिवसभर सोसायटीचं काम, वर रांग. निदान आपली एक लादी बाजूने निघावी, एवढं वाटणारच ना त्यांना."

"त्यांना?"

"बरं, मला. मलाही वाटतं. माझी मासळी आठवड्यात तीनदा नासली. अध्यक्ष आहे म्हणून नासली. तू मला आता मालकांच्या पंगतीला बसव."

"मालकांनीही दवाखान्यापासूनच सुरुवात केली होती."

"आणि त्या दारातून पहिली लादी आपल्या घरी आली होती," धाकटी ताडकन म्हणाली. "ते विसरलीस?"

"नाही विसरले. तू तिच्यावर गाल ठेवून झोपली होतीस. आपल्यात चोर कोणीच नव्हतं. पण त्याआधी मालक आले की बाबा बसल्या जागेवरून बोलायचे. त्या दिवसानंतर उठून उभे राहायला लागले."

धाकटीने पदर खोचला. मग म्हणाली, "माणसाचा स्वभाव आहे तो. तू काय माणसं बदलणार आहेस?"

"मी कशाला बदलू? माझं काम भिंतींचं." ओळंबाने चहा संपवला. "सभेत ठराव आण. ठराव झाला की मी येते थापी घेऊन."

"सभेत कसा आणू? सभेतलीच माणसं रांगेत असतात."

"हो ना," ओळंबा म्हणाली, "तेच म्हणते मी."

धाकटी हुशार होती आणि मास्तर शुद्ध होते. दोघांनी मिळून जो ठराव तयार केला तो आपल्या भाषेखेरीज दुसऱ्या कुठल्या भाषेत होईल असं वाटत नाही. जाळी विणायच्या शेडमध्ये सभा भरली. समितीला खुर्च्या, बाकीच्यांना चटया. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं:

"कारखान्याच्या मागील बाजूचे दार, सभासदांची सोय ध्यानात घेऊन, योग्य रीतीने व कायमस्वरूपी लावण्यात यावे."

टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. आपल्याकडे दार लावणं म्हणजे बंद करणं; लहान पोरालाही कळतं. त्यामुळे चटयांवरच्या लोकांना वाटलं, दार आणखी पक्कं बंद होणार. आणि आपल्याकडेच दार लावणं म्हणजे नवं दार बसवणं; हेही लहान पोराला कळतं. त्यामुळे खुर्च्यांवरच्या लोकांना वाटलं, काम झालं. एका वाक्यात अख्खी सोसायटी खूश करण्याची ही कला मास्तरांनी शाळेत असताना बदल्यांच्या अर्जांवर कमावली होती.

ओळंबा चटईवरून उठली.

"मला एक विचारायचंय. काम मला करायचं आहे म्हणून."

"विचारा ना बाई," मास्तर म्हणाले.

"लावायचं म्हणजे बंद करायचं, की बसवायचं?"

शेडमध्ये पलीकडच्या बर्फाच्या यंत्राची घरघर ऐकू यायला लागली. मास्तरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"अर्थ संदर्भाने लागतो," ते म्हणाले.

"मग संदर्भ काय आहे?"

"संदर्भ... व्यापक आहे."

भोंगाआजीने तोंड उघडलं. भोंगाआजी बंदरावरची सगळ्यात जुनी पाटीवाली. तिने हाक मारली की होडीतले लोक वल्ही थांबवून बघतात. "अगं ए अध्यक्ष! तूच सांग ना बंद का बसवायचं. त्या मास्तरांना घाम फुटलाय, बर्फ लावावा लागेल!"

हशा झाला. धाकटी उठली. "बंद" म्हटलं असतं तर त्या क्षणी सुटली असती. पुढचं पुढे बघता आलं असतं. मोठ्या बहिणीकडे तिने एकदा असं पाहिलं की ते पाहणं ओळंबाला नंतर बरेच दिवस पुरलं.

"बसवायचं," धाकटी म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालं. चटया उठल्या. "आलीस ना मालकांच्या वळणावर!" "खुर्ची बोलतेय, खुर्ची!" ट्रकवाल्यांचे पुढारी असलेल्या भाऊंनी शांत राहण्याचं आवाहन केलं, त्यामुळे गोंधळ वाढला. धाकटीने टेबलावर हात आपटला.

"ओरडा! पण आधी सांगा, ते दार नकोय कोणाला? गेल्या आठवड्यात माझ्या दारात कोण येऊन गेलं? तू नाही आलीस, पोरीला ताप आहे, एक लादी बघ म्हणून? तू? आणि आजी, तुम्ही?"

"आले होते," भोंगाआजी जराही न लाजता म्हणाली. "दुसऱ्यांसाठी उघडलं तर वाईटच आहे ते दार. माझ्यासाठी उघडलं तर त्यात काय वाईट, ते मला अजून कळलं नाही."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी जरा दबून, कारण बहुतेकांना ते कळलं नव्हतं.

ओळंबा अजून उभीच होती. सभेत बोलायची तिला सवय नव्हती. ती समोरच्या खांबाकडे बघून बोलली.

"मी दोनदा ते दार बुजवलं. दोन्ही वेळा काम पक्कं होतं. मी जन्मभर बुजवत राहीन आणि प्रत्येक नवा माणूस जन्मभर उघडत राहील, आणि प्रत्येकाकडे कारण चांगलंच असेल. तर दार असू द्या. बसवते मी. पण आधी भिंत पाडू."

"कोणती भिंत?" ट्रकवाल्या भाऊंनी विचारलं.

"बोळ आणि अंगण यांच्यामधली. दवाखान्याने घ्यावा ना बर्फ त्या दारातून. आजींनी घ्यावा. अध्यक्षांनी घ्यावा, भाऊंनी घ्यावा. फक्त रांगेच्या नाकासमोर घ्यावा."

"त्याने काय होणार?"

"रांगेला तोंड आहे," ओळंबा म्हणाली आणि खाली बसली.

भाऊ म्हणाले, भिंत पाडली तर चोऱ्या होतील. आजी म्हणाली, दार होतं तेव्हा भिंतीआड काय कीर्तन चालायचं का? यावर मतदान झाल्यासारखंच झालं. हात वर करायचे होते ते नंतर केले. मास्तरांनी ठरावात भर घातली, "...व मधील भिंत काढण्यात यावी."

"पाडण्यात यावी लिहा, मास्तर," ओळंबा बसल्या जागेवरून म्हणाली. "काढण्यात नको. तुम्ही त्यातून आणखी काहीतरी काढाल."

मास्तरांनी हसून खोडलं. स्वतःच्या वाक्याला असा वाचक मिळाल्याचा त्यांना खरोखर आनंद झालेला दिसत होता.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर धाकटीने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. कुठल्या अर्थाने, ते ठरायला पुढे बरेच दिवस गेले.

भिंत बापानेच बांधलेली होती. चुन्याची, जुन्या पद्धतीची, हाडासारखी. ओळंबाने वरून सुरुवात केली. पहारीचा घाव दिला की हाताला मुंग्या यायच्या आणि विटेचा टवका उडायचा, पण वीट सुटायची नाही. ती बापाला शिव्या घालायची आणि त्याच दमात त्याचं कौतुक करायची. वाटेने जाणारे थांबून सल्ले द्यायचे. मदतीला कोणी आलं नाही असं नाही. आले, फोटो काढून घेतले, गेले. तिने हळूहळू एकेक रद्दा, म्हणजे विटांचा एकेक थर, उतरवला, धड विटा एका बाजूला रचल्या. तळाचे दोन-तीन रद्दे तिने तसेच ठेवले. कंबर गेली म्हणून ठेवले असं ती सांगते. ते बसायला नेमके उंचीचे होते, ही गोष्ट तिच्या लक्षात आली नसेल यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

मग तिने दार बसवलं. सरळ, देखणं, दोन फळ्यांचं.

पहिल्या सकाळी दवाखान्याचा माणूस त्या दाराशी गेला. अंगणातून भोंगा वाजला, "कोणासाठी रे?"

"तापाच्या पेशंटसाठी."

"घे बाबा, घे! दोन घे!"

त्याच्यामागे ट्रकवाल्या भाऊंचा गडी गेला.

"कोणासाठी रे?"

गडी म्हणाला, "भाऊंसाठी."

"भाऊंना कितीचा ताप आहे?"

अख्खी रांग हसली. गड्याने लादी उचलली खरी, पण कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी तो रांगेत दिसला. सगळेच असे लाजले नाहीत. काही लोक निगरगट्ट होते, त्यांनी शिव्या खाऊन बर्फ नेला, आजही नेतात. पण रोज सकाळी उठून अख्ख्या बंदरासमोर निगरगट्ट व्हायचं, हेही कष्टाचं काम आहे आणि त्यासाठी लागणारी ताकद सगळ्यांकडे नसते. खिडकी पूर्वीपेक्षा उशिरा बंद व्हायला लागली.

एके दिवशी धाकटी त्या दाराशी गेली. रिकामी पाटी कमरेवर, ऊन वर आलेलं. भोंगाआजीने तोंड उघडलं आणि मिटलं. रांगेतून कोणीही काही बोललं नाही. शिव्या आल्या असत्या तर धाकटीने दुप्पट दिल्या असत्या. तिला शिव्यांचं भय नव्हतं. पण सगळे नुसते बघत होते. आतल्या माणसाने लादी पुढे सरकवली. धाकटीने लादीकडे पाहिलं, मग ती वळली, अंगण ओलांडलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

दुपारी ती घरी आली आणि पाटी आपटली.

"तुझ्यामुळे आज मासळी नासली माझी."

सभेनंतर ती बहिणीशी पहिल्यांदा बोलत होती.

"सगळी?" ओळंबाने विचारलं.

"निम्मी."

"बरं."

"बरं काय बरं! चहा ठेव."

ओळंबाने चहा ठेवला.

पुढच्या निवडणुकीत धाकटी पडली. नीट पडली, मतं मोजायचीही गरज नव्हती. जे दाराच्या विरोधात होते ते तिच्यावर रागावले होते आणि जे दाराच्या बाजूने होते ते जास्तच रागावले होते. ट्रकवाले भाऊ अध्यक्ष झाले. भाऊंनी सहा महिने दम धरला, मग "सुरक्षिततेच्या दृष्टीने" मधली भिंत पुन्हा बांधायचा निर्णय झाला. विटांचा ट्रक आला. ओळंबाला विचारलंच नाही. बाहेरून दोन गवंडी आणले.

गवंडी सकाळी आले तेव्हा भिंतीच्या उरलेल्या रद्द्यांवर पाटीवाल्या बसलेल्या होत्या. नेहमीच बसायच्या. तोवर तिथे प्रत्येकीची जागा ठरली होती. कोणी फडकं अंथरून ठेवलं होतं, कोणी विटेवर कोळशाने खूण केली होती, आणि भोंगाआजीच्या जागेवर तिच्या पश्चात कोण बसणार यावरून दोन सुनांमध्ये ती जिवंत असतानाच भांडण लागलं होतं.

"उठा हो," गवंडी म्हणाला.

"का बरं?"

"भिंत बांधायची आहे."

"बांध की," धाकटी म्हणाली. ती मधोमध बसली होती. "आम्ही बसलोय तेवढी जागा सोडून बांध."

गवंड्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. जागा नव्हती.

खुर्ची न सोडणाऱ्या माणसांवर या बंदराने आजवर भरपूर टीका केली आहे आणि ती योग्यच होती. टीका करणाऱ्यांत या बायका सगळ्यात पुढे होत्या. आता त्याच बायका त्याच चिकाटीने, त्याच बेशरमपणाने आणि आपल्यानंतर आपलीच सून बसावी याच हिशेबाने त्या रद्द्यांवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी बसल्या, तिसऱ्या दिवशी बसल्या. गवंडी निघून गेले. भाऊंनी पोलीस बोलावले. पोलिसाची आई त्यांच्यातच बसलेली होती. विटा अंगणात पडून राहिल्या आणि पावसाळा संपेपर्यंत बंदरावरच्या जवळजवळ प्रत्येक घरात एखादी नवी वीट दिसायला लागली, कुठे पाण्याच्या पिंपाखाली, कुठे कपाटाच्या पायाशी.

माणसाचा स्वभाव बदलतो का, हा प्रश्न ओळंबाला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर ती म्हणते, तो बदलण्याची वाट बघत बसले असते तर माझं काम कधी झालं असतं? ती रोज सकाळी कामावर जाताना वाट वाकडी करून कारखान्यावरून जाते. थांबत नाही. नुसती एक नजर टाकते, ओळंबा टांगल्यासारखी, आणि पुढे जाते. भाऊंची मुदत संपत आली आहे. नंतर कोण येईल ते माहीत नाही. जो येईल त्याच्याकडे चांगलं कारण असणार, याची तिला खात्री आहे. तिने पहार विकलेली नाही.

ज्येष्ठ कारागीर म्हणून नोंद व्हावी हा अर्ज तिने केलेला नाही. धाकटीने केला, परस्पर. "ताईच्या नावापुढे अकुशल लिहितात," ती मास्तरांना म्हणाली, "ते खोडायचंय." मास्तरांनी अर्ज लिहून दिला, आणि दोन अर्थ निघतील असं एकही वाक्य त्यात घातलं नाही, त्यांना ते फार जड गेलं.

ठरल्याप्रमाणे कारकून स्थळपाहणीला आला. छत्री, फाइल, मोजायची टेप. "बाई, तुमचं एखादं कायमस्वरूपी काम दाखवा," तो म्हणाला.

ओळंबाने आठवून बघितलं. तिने बांधलेली दोन घरं रस्ता रुंद करताना गेली. एक चाळ शीतगृहाखाली गेली. शाळेची भिंत आहे, पण तिच्यावर नवा गिलावा झाला आणि गिलाव्यावर देणगीदाराचं नाव आलं. मग ती त्याला बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात घेऊन गेली.

"हे," ती म्हणाली.

कारकुनाने समोर पाहिलं. रांग होती. रद्द्यांवर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यांवरून पलीकडचं दार सरळ दिसत होतं.

"हे म्हणजे काय?"

"इथे भिंत होती."

"आता कुठे आहे?"

"नाही."

"मग मी मोजू काय?" कारकुनाने अगदी मनापासून विचारलं.

"ते तुम्ही बघा."

त्याने टेप उघडली, दोन्हीकडे पाहिलं आणि पुन्हा गुंडाळली. फाइल गुडघ्यावर ठेवून, उशीर झाला तरी अक्षर न बिघडवता, त्याने शेवटचा रकाना भरला: सदर व्यक्तीने शहराच्या स्थावर मालमत्तेत घातलेली कायमस्वरूपी भर, निरंक. तो सही करत असताना बोळातल्या दाराशी कोणीतरी गेलं आणि मधोमध बसलेली धाकटी मान वर करून ओरडली, "कोणासाठी रे?"

भिंत अजून तिथे नाही.